तरुण दात्याचं यकृतही नाकारलं जातं, ते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होत जाण्याचा आजार आहे, सात महिने ते यकृताच्या प्रतीक्षायादीत आहेत. एका रात्री अकराला हॉस्पिटलचा फोन आला. गाडी करून ते साताऱ्याहून पुण्याला पोचले. रक्त घेतलं, उपाशी ठेवलं, सह्या झाल्या. पहाटे साडेचारला डॉक्टर येऊन म्हणाले, "यकृत चांगलं नाही, आज होणार नाही." दाता तिशीतला होता, अपघातातला, एवढंच कळलं होतं. मुलगा विचारतो, तरुण धडधाकट माणसाचं यकृत खराब कसं असेल? आणि आधी नीट बघून मग आम्हाला बोलवायला काय हरकत होती?

मी यकृत प्रत्यारोपणाचा सर्जन आहे. दात्याच्या शरीरातून यकृत काढून आणणं, म्हणजे आमच्या भाषेत रिट्रीव्हल, हे काम वीस वर्षं करतो आहे. त्या पहाटे तुमच्याशी बोललेला डॉक्टर मी नव्हे. पण तोच निरोप मी अनेक घरांना दिला आहे आणि तो ऐकताना माणसं कशी खाली बसतात ते पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पुढचं सगळं त्यावरून कळेल. यकृताचा रक्तपुरवठा थांबला की घड्याळ सुरू होतं. बर्फात ठेवलेलं यकृत बारा तासांच्या आत नव्या शरीरात जोडलं जावं हा सर्वसाधारण हिशेब, आणि आम्ही मनात आठ तास धरून चालतो. त्या वेळात प्रवास होतो, टेबलावर यकृत साफ करून रक्तवाहिन्या तयार करण्यात तास-दीड तास जातो, आणि रुग्णाचं जुनं, कडक झालेलं यकृत सोडवायला काही वेळा चार-पाच तास लागतात. आधी पोटाचं एखादं ऑपरेशन झालेलं असेल तर त्याहून जास्त. हे सगळं एकापाठोपाठ करत बसलो तर चांगलं यकृतही खोक्यात म्हातारं होतं. त्यामुळे दोन्ही टोकांना काम एकाच वेळी सुरू करावं लागतं. आमची टीम दात्याच्या हॉस्पिटलकडे निघते तेव्हा तुम्ही साताऱ्याहून निघता. तुमचे वडील ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तयार असतात आणि तिकडून "घ्या" असा फोन आल्याशिवाय त्यांना भूल दिली जात नाही. त्यांना भूल न देता परत पाठवलं, म्हणजे ही साखळी हवी तिथेच थांबली.

यकृत कसं आहे ते पोट उघडून, डोळ्यांनी बघून आणि हाताला लागून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच तपासणीत कळत नाही. आयसीयूत खाटेजवळ आणलेल्या मशीनवर सोनोग्राफी होते, रक्ताचे रिपोर्ट असतात, पण ती फक्त ओळख झाली.

आता पहिला प्रश्न. तरुण माणसाचं यकृत खराब कसं?

याचं उत्तर मेंदूमृत्यूनंतर शरीरात काय होतं त्यात आहे. आपल्याकडे मृत दात्यांकडून मिळणारी जवळजवळ सगळी यकृतं मेंदूस्तंभ (श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग) मृत झालेल्या माणसांची असतात. १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांची समिती कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करते आणि मगच तसं जाहीर होतं. नातेवाइकांची संमती, विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचं वाटप, पोलिसांचे कागद या सगळ्यात आणखी तास जातात. या काळात हृदय धडधडत असतं, पण शरीराचा कारभार पाहणारा मेंदू गेलेला असतो. मेंदू जाताना अ‍ॅड्रेनलिनचं प्रचंड वादळ उठतं, रक्तदाब आभाळाला भिडतो आणि मग कोसळतो. शरीर गार पडायला लागतं. दाब धरून ठेवायला जी औषधं चालू असतात, ती जास्त लागली तर आतड्याचा आणि यकृताचा रक्तप्रवाह तीच आवळतात.

त्यात सोडियमची गोष्ट मला नेहमी वेगळी काढून सांगावीशी वाटते, कारण ती दुरुस्त करता येते आणि तरीही राहून जाते. मेंदूबरोबर पिच्युटरी ग्रंथी बंद पडते. लघवी आवरणारं संप्रेरक तयार होत नाही आणि दात्याला तासाला तीनशे, चारशे मिली पाण्यासारखी लघवी होत राहते. पाणी गेलं की रक्तातलं सोडियम चढतं. नेहमीचं १४० असतं, ते १६०, १७० होतं. यकृताच्या पेशी या खारट वातावरणात आकसून जाऊ नयेत म्हणून स्वतःच्या आत विरघळलेले पदार्थ साठवून जुळवून घेतात. आता हेच यकृत तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात जोडलं असं समजा. सिरॉसिसच्या रुग्णांचं सोडियम बहुधा कमीच असतं, १२८, १३०. पेशींमध्ये क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत घुसतं आणि पेशी फुगतात. बर्फातून आधीच दमून आलेल्या यकृताला हा दुसरा फटका. बऱ्याच टीम दात्याचं सोडियम १५५च्या खाली आणायचा आग्रह धरतात. ही रेघ काही दगडावरची नाही, त्याहून जास्त सोडियमची यकृतंही चालली आहेत. पण बाकी काही दोष सोबत असले तर हा आकडा जड जातो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात दाता होता. संध्याकाळी फोनवर सोडियम १६४ सांगितलं. रात्रपाळीच्या सिस्टरने आमच्या आयसीयूतल्या डॉक्टरांशी दर दोन तासांनी बोलून व्हॅसोप्रेसिन, म्हणजे तेच लघवी आवरणारं संप्रेरक, चालू ठेवलं, नाकातल्या नळीतून साधं पाणी दिलं, लघवी मोजून तेवढं भरून काढलं, अंगावर गरम हवेचं पांघरूण नव्हतं तर ब्लँकेटं घातली. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा सोडियम १५२ होतं आणि रक्तदाबाचं औषध निम्म्यावर आलं होतं. ते यकृत उत्तम चाललं. ज्या बाईंना ते मिळालं त्यांना त्या सिस्टरचं नाव कधीच कळणार नाही, पण त्या ऑपरेशनचा पहिला भाग सिस्टरनेच केला होता असं मी मानतो. दात्याला नळीतून थोडं अन्न चालू ठेवणं हीसुद्धा अशीच छोटी गोष्ट आहे. उपाशी यकृतातली साखरेची शिल्लक संपलेली असते, आणि रक्त नसताना पेशी त्याच शिल्लकीवर तग धरतात.

तुमच्या बाबतीतलं कारण मला माहीत नाही. पण अपघातातल्या तरुण दात्याचं यकृत नाकारण्याची माझ्या हातून घडलेली कारणं सांगतो. अपघातातच यकृताला खोल भेग गेलेली. रस्त्यावर हृदय बंद पडून बराच वेळ मसाज द्यावा लागलेला आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारांत चढत चाललेलं. (चढलेलं पण उतरणीला लागलेलं असेल तर आम्ही घेतो. एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चालला आहे ते महत्त्वाचं.) आणि सगळ्यात जास्त वेळा, चरबी.

निरोगी यकृत लालसर तपकिरी असतं, कडा धारदार, हाताला मऊ आणि लवचिक. चरबी भरलेलं यकृत पिवळट दिसतं, कडा गोल झालेल्या असतात, दाबलं की बोटाचा ठसा राहतो. आपल्याकडे बारीक अंगकाठीच्या, तिशीतल्या माणसातही असं यकृत सापडतं. दारू न पिणाऱ्यातही सापडतं. यात पेशीभर पसरलेले चरबीचे बारीक थेंब फारसा त्रास देत नाहीत, पण पेशीच्या मध्यभागी बसून केंद्रकाला बाजूला ढकलणारा मोठा थेंब घातक. अशा फुगलेल्या पेशींमधून रक्ताच्या सूक्ष्म वाटा दबतात. थंड द्रावण सगळीकडे पोचत नाही आणि नंतर गरम रक्तही सगळीकडे पोचत नाही. मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांपर्यंत असेल तर साधारण चालतं, ३० ते ६०च्या मध्ये बाकी सगळ्या गोष्टी बघून ठरवावं लागतं, ६०च्या वर बहुतेक जण सोडून देतात. शंका आली की तुकडा घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो. पण रात्री तीन वाजता, लहान शहरात, तो तुकडा वाचणारा पॅथॉलॉजिस्ट मिळेलच असं नाही. तेव्हा सर्जनचा हात आणि डोळा हेच साधन उरतं, आणि साडेचारला निरोप येतो.

उलट वयाची भीती लोक जरा जास्त बाळगतात. यकृत बाकी अवयवांच्या मानाने सावकाश म्हातारं होतं. इटली, स्पेनमध्ये सत्तरी, ऐंशीतल्या दात्यांची यकृतंही वापरली जातात. वय जास्त, त्यात बर्फातला वेळही जास्त, अशी जोडी जमली की मात्र धोका वाढतो. तुमच्या वडिलांना उद्या पासष्टीच्या दात्याचं यकृत देऊ केलं आणि सर्जन "चांगलं आहे" म्हणाले तर वयामुळे मागे सरू नका.

यकृत पसंत पडलं तरी ते धड काढून आणणं बाकी असतंच. थिएटरमध्ये चाकू लावण्याआधी आम्ही सगळे दात्यासाठी मिनिटभर शांत उभे राहतो. मग छातीपासून ओटीपोटापर्यंत उघडायचं, कुठे गाठ किंवा कर्करोग लपलेला नाही ना ते सगळ्या पोटात हात फिरवून बघायचं. नंतर शोध घ्यायचा तो धमन्यांचा. पुस्तकातल्या चित्रात यकृताला एकच धमनी जाते, पण प्रत्यक्षात दर चार-पाच माणसांत एकाची मांडणी वेगळी निघते. उजव्या भागाची धमनी आतड्याच्या मुख्य धमनीतून निघून पोर्टल शिरेच्या (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) मागून येते. ती दिसत नाही, पित्तनलिकेच्या मागे बोट घालून ठोका चाचपावा लागतो. डाव्या भागाची धमनी जठराच्या धमनीतून फुटून एका पातळ पडद्यातून जाते, आणि तो पडदा घाईत कापायला फार सोपा असतो.

मी नवा होतो तेव्हा मध्यरात्री, त्याच दात्याचं हृदय न्यायला आलेली टीम घाई करत असताना, मी तो पडदा कापला आणि ती धमनी त्यात गेली. अडीच मिलिमीटरची. नंतर टेबलावर भिंगाचा चष्मा लावून ती दुसऱ्या फांदीला जोडली. जोड टिकला आणि रुग्ण घरी गेला, पण पहिले सात दिवस रोज दोनदा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, बघताना माझे हात गार पडत. कारण पित्तनलिकांना रक्त फक्त धमनीतून मिळतं. यकृताच्या पेशींना पोर्टल शिरेचा आधार असतो, नलिकांना नसतो. धमनी बंद पडली तर यकृत वरवर जगतं आणि आतून नलिका सडतात, गळू होतात, पुन्हा प्रत्यारोपण करावं लागतं. तेव्हापासून तो पडदा मी उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय कापलेला नाही, आणि माझ्या हाताखालच्यांनाही कापू देत नाही.

तयारी झाली की किलोमागे ३०० युनिट हेपॅरिन देऊन रक्त पातळ करायचं, महाधमनीत खालून नळी घालायची, हृदयाच्या टीमशी नजरानजर करून वरून क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावायचा. त्या क्षणी घड्याळ सुरू. चार अंशांचं द्रावण आत सोडायचं, रक्त छातीतून बाहेर काढायचं, पोटात बर्फाचा चुरा भरायचा. यकृताचा रंग सगळीकडे सारखा फिका व्हायला हवा. कुठे लाल चट्टे राहिले तर तिथे थंडावा पोचलेला नाही. त्यानंतर ते जितक्या लवकर बाहेर येऊन द्रावणात बुडेल तितकं बरं, कारण शेजारचं शरीर अजून कोमट असतं. पित्ताशय उघडून आणि नलिकेतून पित्त धुऊन काढायचं, नाहीतर तेच पित्त थंडीत नलिकेचं अस्तर जाळतं. शेवटी मांडीकडे जाणाऱ्या धमन्या आणि शिराही सोबत घ्यायच्या, पुढे जोडणीत एखादी वाहिनी तोकडी पडली तर त्या उपयोगी येतात. आणि दात्याचं शरीर नीट, काळजीपूर्वक शिवायचं. हे काम मी कधी घाईत उरकू देत नाही. बाहेर त्याचे आईवडील थांबलेले असतात.

थंडीने नेमकं काय साधतं? चार अंशांना पेशींचं काम दहा-बारा टक्क्यांवर येतं. पण थांबत नाही. ऊर्जा संपत जाते, पेशीतलं पाणी बाहेर ठेवणारा पंप बंद पडतो, टाकाऊ पदार्थ साचतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदार्ड यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जे द्रावण बनवलं, त्यात पेशीत न शिरणारे मोठे रेणू घातले, म्हणजे पाणी आत ओढलं जाणार नाही. त्याआधी यकृतासाठी सहा-आठ तासांची धावपळ असे, या द्रावणाने ती मुदत बरीच वाढली. त्यात पोटॅशियम फार असतं, म्हणून जोडण्याआधी ते धुऊन काढावं लागतं, नाहीतर रुग्णाचं हृदय थांबू शकतं. आपल्याकडे एचटीके नावाचं दुसरं, पातळ द्रावणही बरंच वापरतात. चांगल्या दात्यात आणि कमी वेळात दोन्हींत मला मोठा फरक दिसलेला नाही.

मग तीन पिशव्या एकात एक, आणि बर्फाचं खोकं. यकृताला बर्फ थेट लागता कामा नये, गोठलेला भाग मेला. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर ग्रीन कॉरिडॉरने लवकर सरतात. वाहतूक पोलिसांनी शहराचे चौक मोकळे ठेवले नसते, तर तास तिथेच गेले असते.

जोडणीच्या शेवटी क्लॅम्प सोडतो तेव्हा यकृतावर सगळ्यात मोठा घाव बसतो. ऐकायला हे उलटं वाटेल. पण रक्ताविना साचलेल्या पदार्थांवर अचानक ऑक्सिजन आला की पेशींच्या आतच दाहक रेणूंचा भडका उडतो, थंडीने सोललेल्या सूक्ष्म रक्तवाटांना पांढऱ्या पेशी चिकटतात. चरबी, सोडियम, जास्त तास, आधीचा कमी रक्तदाब, या सगळ्या उधाऱ्यांची वसुली इथे एकदम होते. मूळचं दणकट यकृत यातून निभावतं. पाच मिनिटांत ते एकसारखं गुलाबी होतं, भूलतज्ज्ञ सांगतात लॅक्टेट (चालू यकृत रक्तातून वापरून टाकतं तो पदार्थ) उतरतंय, जखमेतलं रक्त गोठायला लागतं, आणि पोट शिवायच्या आत नलिकेतून सोनेरी तपकिरी पित्त ठिबकतं. इतकी वर्षं झाली तरी तो पहिला थेंब दिसल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही.

पुढच्या दिवसांत एसजीपीटी आणि तसंच दुसरं एन्झाइम एसजीओटी पहिल्या चोवीस तासांत चढून उतरायला हवेत. पहिल्या सात दिवसांत ते दोन हजारांच्या वर गेले, किंवा सातव्या दिवशी बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) १० किंवा जास्त, किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.६ किंवा जास्त असेल, तर यकृत मंद सुरू झालं असं आम्ही म्हणतो. त्यातली बरीचशी हळूहळू सावरतात. क्वचित एखादं सुरूच होत नाही. तेव्हा काही दिवसांत दुसरं यकृत मिळालं नाही तर रुग्ण वाचत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पहाटे साडेचारला जे टाळलं, ते हे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. "यकृत चांगलं नाही" याचा पूर्ण अर्थ "तुमच्या वडिलांसाठी चांगलं नाही" असाही असू शकतो. मध्यम चरबीचं यकृत, बऱ्यापैकी तब्येतीच्या रुग्णाला, शेजारच्याच थिएटरमध्ये, चार-पाच तासांत जोडलं तर चालून जातं. तेच किडनी बंद पडत चाललेल्या, आयसीयूतल्या रुग्णाला दिलं तर त्याच्याकडे ते सुरू होईपर्यंत तग धरायची ताकद नसते.

आता यंत्रंही आली आहेत. यकृत खोक्यात न ठेवता त्यातून ३७ अंशांचं रक्त फिरवत ठेवायचं, म्हणजे ते लॅक्टेट वापरतं का, पित्त बनवतं का हे जोडण्याआधीच दिसतं. युरोपातल्या २२० प्रत्यारोपणांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यकृताची इजा निम्म्यावर आली आणि नाकारल्या जाणाऱ्या यकृतांची संख्याही निम्म्याने घटली. दुसऱ्या प्रकारात थंड द्रावणातूनच ऑक्सिजन देतात. हृदय थांबल्यावर दान झालेल्या यकृतांवर केलेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नलिका आकसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे ही यंत्रं मोजक्या ठिकाणी आहेत आणि खर्च मोठा आहे. तुमच्या त्या रात्रीसारख्या रात्रींसाठीच मला ती हवी आहेत, कारण हाताला "कदाचित" वाटलेलं यकृत त्यावर ठेवून पारखता येतं.

पुढच्या फोनसाठी काही सूचना. घरातले दोन नंबर कोऑर्डिनेटरकडे द्या आणि रात्री फोन सायलेंटवर ठेवू नका. वडिलांना ताप, खोकला, लघवीची जळजळ, पोटात नवीन दुखणं असेल तर ते फोनवरच सांगा, पोचल्यावर नको. निघतानापासून त्यांना खायला देऊ नका. आणि तुम्ही स्वतःचं यकृत देण्याचा विचार करत असाल, जो भारतात बहुतेक कुटुंबं करतात, तर रक्तगट आणि सीटी स्कॅन आत्ताच करून घ्या. जिवंत दात्याच्या यकृतात बर्फातला वेळ अगदी थोडा असतो, पण आकार पुरायला हवा. दिलेला भाग वडिलांच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी भरावा आणि तुमच्याकडे तीस टक्क्यांहून जास्त यकृत उरावं. त्यात चरबी निघाली तर दोन-तीन महिने चालून, खाणं आवरून ती उतरवता येते. मी पाहिलं आहे, मुलं वडिलांसाठी आठ-दहा किलो उतरवतात आणि मग त्यांचं यकृत हाताला अगदी वेगळं लागतं.